चौकटीवरच्या रेघा

खस्स, खस्स. कालपासून घरात कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं, म्हणून तेवढासा आवाजही आतल्या खोलीत स्वच्छ ऐकू आला. चादरी खोक्यात भरता भरता आई उठून बाहेर आली. बाबा ओल्या फडक्याने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट घासत होते. टिल्लीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा एकेक करून फडक्यात उतरत होत्या.

"अहो, त्या कशाला पुसताय?"

"घरमालक म्हणालेत, जसं दिलं तसं परत द्या."

"मग पोरगीही पाळण्यातलीच परत द्यायची का?"

बाबा कसनुसं हसले. टिल्ली त्यांच्या मागेच उभी होती. तिने बूट घातले, तेही उलटसुलट, आणि दार उघडलं.

"मी उद्यानात राहायला चाललेय. तुम्ही जा त्या नव्या गावाला."

"आणि जेवणाचं काय?"

"चौकीदारकाका देतील डब्यातलं."

सामानाची गाडी दुपारी यायची होती. उचलून कोंबलं असतं तर पोरगी गप्प बसलीही असती वाटेत. पण ह्या घरातून लेकीने हसत नाही तर नाही, निदान आपल्या पायांनी निघावं, एवढंच आईला हवं होतं. तिने चपला सरकवल्या.

"चल, पोचवायला येते."

उद्यान म्हणजे गावाबाहेरची जुनी दगडाची खाण. आता तिच्यावर झाडी माजली होती. फाटकाशी चौकीदारकाका झाडू टेकवून उभे होते.

"काय टिल्लाबाई, आज सकाळी सकाळी?"

"मी इथे राहायला आलेय."

"या की! भाडं काय द्याल?"

"पानं झाडीन."

"अरे देवा, म्हणजे माझी नोकरी गेली."

टिल्लीच्या नाकावरचा राग काही हलला नाही. दगडांवर रंगवलेले लाल बाण बघत ती पुढे निघाली. चुन्याच्या भट्टीच्या तोंडाशी वाकून तिने नेहमीसारखं आपलं नाव ओरडून दिलं. भट्टीने ते मोठं करून परत दिलं. पुलावर दोघी कठड्याला पोट लावून लोंबकळल्या. खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या हिरव्या पाण्यात एकेक खडा टाकला. वाटेतली माहितीची प्रत्येक पाटी आईने थांबून वाचली. टिल्ली कडेवर होती तेव्हापासून ती ह्या पाट्या वाचून दाखवत होती, त्याच सुरात.

वाट संपते तिथे कामगारांची घरं होती. छपरं कधीच गेलेली. एका घराची दगडी चौकट तेवढी उभी, तिच्यावर आडव्या खाचा.

"काढलेल्या दगडांचा हिशेब ठेवण्यासाठी कामगारांनी कोरलेल्या खुणा," आईने वाचलं.

"खोटंय ते."

"अगं, पाटीवर लिहिलंय!"

"पाटीवाल्यांना मुलं नसतील."

टिल्लीने चौकटीला पाठ लावली, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली. घरी उभी राहायची तशीच.

"मान हलवू नकोस," आई सवयीने म्हणून गेली. सवयीनेच तिने हात टिल्लीच्या डोक्यावर आडवा धरला. बोटं दगडाला टेकली आणि एका खाचेत बसली. ती सगळ्यात वरची होती. खालची पार आईच्या मांडीशी. मधल्या कुठे अगदी लागून, कुठे एकदम टुणकन वर. आईने एकेकीवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं ती ह्या खाचांसमोर उभं राहून हिशेब वाचत आली होती.

"ह्या घरातल्या मुलीच्या बाबांकडे पेन्सिल नव्हती," टिल्ली म्हणाली.

"हं. छिन्नी होती."

"म्हणून पुसलं नाही कोणी."

टिल्ली खाली बसली. बूट काढून ज्या त्या पायांत घातले. मग टाचा उंचावून तिने वरच्या खाचेच्याही वरचा दगड चाचपला. तो नुसता गुळगुळीत होता.

"हे लोक कुठे गेले?"

"खाण बंद पडली ना. दुसरीकडे काम बघायला गेले."

टिल्लीने जरा विचार केला. मग तळवा आपल्या डोक्यावर सपाट ठेवला.

"चल. गाडी येईल. नव्या घरी बाबांना सांग, पहिली रेघ इथेच मारायची."

फाटकाच्या दिशेने ती पुढे, आई मागे. डोक्यावरचा हात तिने काढला नाही. उंची सांडेल की काय अशी जपून चालत होती. भट्टीपाशी थबकली आणि मान न हलवता, अख्खीच्या अख्खी मागे वळली.

"आई, पण मग ती मुलगी उरलेली कुठे वाढली?"