पोटभर

मेडिकलच्या क्लाससाठी गेलेल्या मुलाला, यज्ञेशला, मेसचं तेलकट खाणं बाधू नये म्हणून सौदामिनी दोन वर्षं त्याच्यासोबत लातुरात खोली करून राहिली. नवरा हणमंतराव धर्माबादला एकटेच, दिवसभर आडतीच्या दुकानात मुनीम म्हणून बसून.

ती रोज फोन करायची. "जेवलात का?"

"हाव, पोटभर."

"आन् फिरायला जाता का?"

"पोराचं होऊ दे, मग दोघं मिळून जाऊ."

यज्ञेशचा मेडिकलला नंबर लागला. त्याच आठवड्यात हणमंतराव हृदयविकाराच्या झटक्यानं गेले.

तेराव्याला तिनं आडतीच्या मालकांना विचारलं, "ते जेवायचे काय हो?"

"समोरच्या हॉटेलातली पुरी-भाजी, दोन्ही टाइम. छातीत दुखायचं, तरी तुम्हाला सांगू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, ती पोराला सोडून येईल."