सुजलेले चेहरे

जिन्यात बायका ओली फडकी तोंडाला लावून बसल्याच होत्या. आतल्या कुणी ओळख दिली नाही तर सूज उतरेपर्यंत सरकारी घर ओळखत नसे, आणि अनोळखी चेहरा दिसला की झटका देऊन बाहेर फेकी. फुटपाथवरून इथं राहायला आलेल्यांना चोरांची भीती नको म्हणून ही सोय होती. नवऱ्यांचा विचार कुणाला सुचला नव्हता.

आज दगडूनं बायकोचं, शेवंताचं, तोंड फोडलं, आणि घरानं तिलाच भिरकावलं. तान्हं आत टाहो फोडत होतं.

"दोन दिसांत घेतंय गं घर," शेजारीण म्हणाली.

"तवर लेकरानं काय भिंत चाटायची?"

दगडू दारात येऊन हसला. "जा, नीज फुटपाथवर!"

शेवंतानं कोपऱ्यातली वीट उचलून त्याच्या तोंडावर घातली. नाक फुटलं, डोळा बुजला. घरानं त्यालाही झटका देऊन तिच्या पायाशी आणून टाकलं.

"बाहेर दोन अनोळखी इसम आहेत," घर आतल्या म्हातारीला, दगडूच्या आईला, म्हणालं. "कुणाला ओळखता का?"

लेक आत असेपर्यंत तिची तोंड उघडायची छाती नव्हती. आता ती नातवाला उराशी धरून उंबऱ्याशी आली.

"ही माझी सून."

"आणि हा?"

"आये..." दगडू रक्त थुंकत म्हणाला.

म्हातारीनं त्याला नीट न्याहाळलं.

"न्हाई बाबा. हा आमच्यातला न्हाई."