वरपक्षाचा मॉनिटर

वधूवर सूचक केंद्राच्या टेबलावर लॅपटॉपला जोडलेले दोन नवे मॉनिटर होते, एक वधूपक्षाकडे तोंड करून, दुसरा वरपक्षाकडे. वधूपक्षाला मुलाची पत्रिका ठळक दिसत होती. वरपक्षापुढे नुसता काळोख.

"आमच्याच वाट्याला हा काळा फळा का?" मुलाच्या आईने विचारलं. केंद्र चालवणाऱ्या वाटवेबाई वायरी काढून-घालून घामाघूम झाल्या.

"या लॅपटॉपला एका वेळी दोनच स्क्रीन झेपतात," मुलगी उठत म्हणाली. "त्यातला एक त्याचा स्वतःचा. तो मिटला की झालं."

"अगं, नको!" वाटवेबाई ओरडल्या, तोवर तिने लॅपटॉप मिटलाही होता. बाईंनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर फक्त स्वतःसाठी उघडलेली टिपणं वरपक्षापुढे झळकली.

मुलाच्या आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "मुलाची आई फटकळ. सून टिकणं कठीण."

बाईंनी झेप घेतली, पण मुलीने झाकणावर कोपर ठेवलं होतं. "पुढची ओळ वाचा ना, काकू."

"मुलगी आगाऊ. विचारल्याशिवाय कशातही हात घालते."

मुलाची आई झाकणावरच्या त्या कोपराकडे बघत राहिली. मग चष्मा काढून हसली.

"वाटवेबाई, पत्रिका ठेवा बाजूला. गुण जुळले."