समोरचा पोटमाळा

शनिवारी आमच्याच गल्लीतली विकाऊ घरं बघत फिरायचं, हा न्युरेम्बर्गमधला आमचा फुकटचा विरंगुळा. घ्यायचं काही नसतं, लोकांची स्वयंपाकघरं बघायची असतात.

या वेळी समोरच्याच इमारतीतला पोटमाळ्यावरचा फ्लॅट होता. सवयीने आम्ही दारातच बूट काढले. घर दाखवणारी माकलर बाई म्हणाली, "गरज नाही," आणि दिव्याचं बटण चाचपू लागली. तेवढ्यात माझा नवरा मयुरेश अंधारातच वाकून पुढे गेला. दिवा लागल्यावर दिसलं, बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर आडवी तुळई होती.

"तू इथे आधी आलायस?" मी मराठीत विचारलं.

"काहीतरीच काय."

मग मी घर बघितलंच नाही, त्यालाच बघत राहिले. कुठल्या दाराशी थबकतो, माकलर बाईची नजर चुकवतो का.

निघताना दारात त्याचेच बूट होते. माझे नव्हते.

"देवश्री," तो हळूच म्हणाला, "या कधी घातल्यास?"

मी खाली बघितलं. माझ्या पायांत मी कधीच न पाहिलेल्या, घरात घालायच्या लोकरी सपाता होत्या. जुन्या. उजवीची टाच आतल्या बाजूने झिजलेली, माझी नेहमी झिजते तशी.