बांधावरचा भागीदार

कोल्ह्याला अर्धं झाड मिळालं. मात्र तसं काहीही घडलेलं नाही. खाऱ्या तळ्याकाठच्या बागेत कोणालाही विचारा, तो पाण्याच्या पाटाकडे बघेल आणि मिरच्यांविषयी बोलू लागेल. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू.

सकाळी लझर कुऱ्हाड घेऊन आपल्या बांधावर आला. बघतो तर तोडायच्या खजुराला पाठ टेकून सालहा बसलेली. सत्तरीची बाई, पाय पसरून, स्वतःच्या अंगणात बसावी तशी.

“मावशी, ऊठ.”

“गुडघे धरलेत रे.”

“काल लग्नात नाचत होतीस की!”

“म्हणूनच धरलेत.”

लझरचं म्हणणं सरळ होतं. इथे खजूर लावतात तो मुनव्यापासून. बुंध्याशी फुटलेलं पिलू काढायचं, दुसरीकडे लावायचं, की हुबेहूब आईसारखं झाड. बीपासून उगवलेलं झाड म्हणजे जुगार. निम्मी नर निघतात. उरलेल्यांची फळं गाढव खातं, तेही उपकार केल्यासारखं. आणि असलं एक आगंतुक झाड त्याच्या मिरच्यांचं पाणी पीत होतं.

सालहाचं म्हणणं तिला नीट सांगता येत नव्हतं. तिच्या अंगणातलं काळ्या खजुराचं झाड मागे वाऱ्याने पडलं. तो वाण साऱ्या बागेत त्या एकाच झाडाचा. म्हातारपणी झाड मुनवे देत नाही, त्यामुळे ते जाताना सगळंच घेऊन गेलं. फक्त ते उभं होतं तेव्हा दर हंगामात एक कोल्हा यायचा, खाली पडलेली फळं बियांसकट गिळायचा आणि पोट हलकं करायला लझरच्या बांधावर जायचा.

“अख्ख्या बागेत त्याला माझाच बांध सापडला?” लझर म्हणाला.

“उंच जागा लागते त्याला. तुझ्या दाराकडे तोंड करून बसायचा.”

इतक्यात पाणी वाटणारे हाजी खमीस आले. सालहानेच निरोप धाडला होता. बागेत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी झाडाकडे पाहिलं. फळाचा एकच घड, हाताला येईल एवढ्या उंचीवर.

“याला फळ धरलं कसं? फुलात नर झाडाचा तुरा कोणी खोवला?”

“वारा होता यंदा,” सालहा म्हणाली.

“वाऱ्याने वर लोकरीचा धागाही बांधला?”

धागा लाल होता. सालहाची शालही. तिने ती हळूच मांडीखाली सारली.

हाजींनी तो विषय सोडला. “लझर, आधी हे सांग, झाड लावलं कोणी? न विचारता नवा खजूर लावणाऱ्याची पाण्याची पाळी बंद होते, माहितेय ना?”

लझरने छातीवर हात ठेवला. “अल्लाची शपथ, हाजी, मी नाही लावलं! कोल्ह्याने लावलं!”

“नक्की?”

“या डोळ्यांनी त्याला बसलेला पाहिलाय!”

“बरं,” हाजी म्हणाले. “आता चाखून बघू.”

फळ तुरट निघालं, तर सालहाकडे बोलायला काही उरणार नव्हतं.

हाजींनी तीन फळं तोडली. काळी नव्हती ती. मधाच्या रंगाची, आणि टोक तेवढं काळं, शाईत बुडवल्यासारखं. सालहाने डोळे मिटून दात लावले. तिचा तो खजूर हा नव्हता. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेखालून हळूहळू उजाडत गेलं, गोड, अजून गोड. आणि सगळं संपलं असं वाटत असताना अगदी शेवटी, दूर कोणाच्या तरी चुलीवरून यावा तसा धुराचा वास. तो मात्र तिच्या झाडाचा. नातवाने एकदम आजोबांसारखं खाकरावं, तसा.

लझरने कुऱ्हाड कधी खाली ठेवली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“हा वाण कुठेच नाही,” हाजी अखेर म्हणाले. आवाज उतरला होता. “अख्ख्या दुनियेत हा इथे, या बांधावर, पहिल्यांदा आलाय. आपण तिघं सोडून तो अजून कोणी चाखलेला नाही.”

“आणि आला कुठून, तर कोल्ह्याच्या...”

“खाताना नको,” सालहा म्हणाली.

हाजींनी बी पुसून खिशात टाकली. “दुसऱ्याच्या जमिनीत झाड लावणाऱ्याला, ते फळाला आलं की, निम्मं झाड मिळतं. आणि भागीदार हजर नसताना झाडाला कुऱ्हाड लागत नाही. आपल्याकडे हे पहिल्यापासून आहे, लझर.”

“भागीदार कोल्हा आहे!”

“शपथ तूच घेतलीस.”

लझरने घडाकडे पाहिलं. “मग माझ्या निम्म्यातलं आणखी एक घेऊ?”

“घे. बुंध्याशी मुनवा धरलाय, तो भागीदाराचा. तो येईपर्यंत राखण सालहाची.”

सालहा उठली. गुडघ्यांनी काही कुरकुर केली नाही. कुंपणापलीकडे वाळू थेट खाऱ्या तळ्यापर्यंत पसरली होती आणि त्यापुढेही होती. इतकी वर्षं तो कोल्हा पोटात तिचं झाड घेऊन तिथे हिंडत होता. प्रत्येक बी वेगळी. तिने हाजींच्या कानात काहीतरी सांगितलं.

हाजींनी इकडेतिकडे कोणी नाही ना ते पाहून घेतलं. मग वाळूकडे तोंड करून, शुक्रवारी बाजारात देतात तशी खड्या आवाजात दवंडी दिली:

“कळविण्यात येते की, लझरच्या बांधावरील खजुराचे निम्मे धनी श्री. कोल्हा यांनी, अथवा ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांनी, तोडणीपूर्वी दोन साक्षीदारांसह हजर राहून आपला हिस्सा घेऊन जावा. तसेच सालहाबाईंच्या झाडाखाली जेवण झाल्यावर ते आणखी कुठे कुठे बसले, त्या सर्व जागा बाईंना जातीने दाखवाव्यात, ही विनंती.”