गायरानावरचं स्टेडियम

“फुटबॉल?” भर ग्रामसभेत उभं राहून अनंतरावांनी तो शब्द थुंकावा तसा उच्चारला. “ह्या गावाला? ज्यांना रेशनच्या रांगेत धड उभं राहता येईना, ते आता फुटबॉल खेळणार?”

पुढच्या सतरंजीवरचे लोक हसले. मागं बसलेले हसले नाहीत.

सिद्धोधन हात मागं बांधून उभा होता. झरीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत तो पोरांना खेळ शिकवायचा. गायरानाच्या चार एकरांवर स्टेडियम मंजूर झाल्याची बातमी त्यानंच परभणीहून आणली होती.

“साहेब, गावच्या पोरीसुद्धा खेळतील. तालुक्याच्या मॅची इथंच व्हतील,” तो म्हणाला. “दोन हजार माणूस बसंल. रस्ता तेवढा तुमच्या बंगल्यासमोरून जायलाय. कंपाउंड थोडं आत घ्यावं लागंल म्हणे.”

“माझं कंपाउंड?”

“मी न्हाई म्हणत. नकाशा म्हणतोय.”

सरपंच बन्सीधर माईक धरून बसले होते. त्यांच्याकडं एक चिटोरंसुद्धा आलं नव्हतं. पण आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायचं तर सरपंच कशाला झाले? “माझाच पाठपुरावा हाय,” ते म्हणाले. “लय दिवसापासून मागं लागलो होतो.” टाळ्या पडल्या. बन्सीधरांनी त्या हात जोडून स्वीकारल्या.

एप्रिल-मेमध्ये सगळं शिवार काळं पडायचं, तेव्हाही हिरवं दिसायचं ते हे गायरान. शहाऐंशी साली चांगुणाबाई आणि तिचा नवरा सिताराम यांनी तिथले दगड वेचले, तूर-ज्वारी पेरली, बांधाला कडुलिंब आणि सीताफळं लावली. झाडं मोठी झाली, सिताराम गेला, जमीन सरकारचीच राहिली. ‘नव्वद सालाच्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा आणा, जमीन नावावर होईल,’ असं तहसील कचेरी तिला सांगायची. पुरावा तलाठ्याच्या दप्तरात असायला हवा होता. त्या काळात तलाठी अनंतराव होते. त्यांनी दरसाल तिथं एकच शब्द लिहिला होता: पडीक. ‘ह्यांच्या नावावर जमिनी लागल्या तर आपल्या रानात खुरपायला कोण येईल?’ असं ते चारचौघांत हसून विचारायचे.

“चांगुणे, तुझं काय म्हणणं?” अनंतरावांनी सभेत विचारलं.

ती मागं, खांबाला टेकून बसली होती. उठली नाही. “म्या काय म्हणू? सरकारची जागा. घेतील.”

“मेंढरं!” अनंतराव शेजारच्याला म्हणाले. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आठवड्यानं टोप्या घातलेले दोन इसम टेप घेऊन आले. त्यांनी गायरानात चुन्याच्या रेघा मारल्या. एक रेघ अनंतरावांच्या फाटकाच्या आतून, गुलाबाच्या वाफ्यावरून गेली. त्यांच्या पत्नी हेमाताई ओसरीवरून म्हणाल्या, “आता वस्तीतली पोरं चड्ड्यांवर आपल्या दारात बसणार. बघा म्हणावं.”

अनंतरावांना जेवण गेलं नाही. गावात कायदा कळणारा आपण एकटेच, याची मात्र त्यांना खात्री होती. वर्षानुवर्षं कसलेली जमीन म्हटली की सरकार बिचकतं. एखाद्या गरीब बाईची असेल तर जास्तच. स्टेडियम कायमचं, म्हातारीला काय, पुढं कधीही हुसकता येईल. त्यांना आपल्याच डोक्याचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वस्तीत गेले. जन्मात पहिल्यांदा. चांगुणाबाईनं खाट टाकली, तांब्याभर पाणी ठेवलं. ते उभेच राहिले. पाण्याला हात लावला नाही.

“मी लिहून देतो,” ते म्हणाले. “जमीन शहाऐंशीपासून तुझ्या वहिवाटीत हाय म्हणून.”

“नगं साहेब.” तिनं पदर सावरला. “खेळू द्या पोरांला. माझं काय, आज हाय उद्या न्हाई.”

“अक्कल हाय का तुला? देव घरी चालत आलाय आन् तू दार लावायलीस!”

“सिद्धोधन रागावंल. वस्तीतलीच पोरं खेळणार हायती.”

“त्या पोराला मी बघतो. तू फक्त अंगठा दे.”

“मला सही येती,” चांगुणाबाई म्हणाली.

त्यांनी तिला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी ती कशीबशी तयार झाली. स्टँप पेपर त्यांनीच आणला, मजकूर त्यांनीच सांगितला. आपल्या खर्चानं रिक्षा करून तिला तहसीलला नेलं. रिक्षात मात्र ते पुढं, चालकाशेजारी बसले.

तहसीलदारांनी प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचलं. “‘सदर जमीन सन १९८६ पासून चांगुणाबाई सिताराम यांच्या प्रत्यक्ष वहिवाटीत आहे. तत्कालीन तलाठी या नात्याने मी ती स्वतः दरसाल पाहिली आहे. नोंद माझ्याकडून राहून गेली.’ सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“उद्या फिरणार नाही ना?”

“चौतीस वर्षं नोकरी केलीय साहेब,” अनंतराव ताठ होत म्हणाले. “माझा शब्द म्हणजे दप्तर.”

तहसीलदारांनी शिक्का मारून कागद एका जाड, जुन्या फायलीत लावला. “बाई, तुमच्या प्रकरणात एवढाच कागद कमी होता. आता जमीन नावावर व्हायला काही अडचण नाही.”

चांगुणाबाईनं हात जोडले. आधी तहसीलदारांना, मग अनंतरावांना.

अनंतराव मिशीतल्या मिशीत हसले. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, “म्हणजे साहेब, आता ते फुटबॉलचं स्टेडियम रद्दच समजायचं ना?”

तहसीलदारांनी फायलीतून मान वर केली.

“कसलं स्टेडियम?”