नोटिशीचं उत्तर

शुक्रवार पेठेतल्या माझ्या ऑफिसात कडक भाकरी विकणाऱ्या गोजरबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी एकाला परदेशी जायला त्यांनी चाळीस हजार उसने दिले होते. तो आता कॅनडात होता आणि दोन वर्षं त्यांचा फोन उचलत नव्हता. गोजरबाईंना त्याला वकिलाची नोटीस धाडायची होती.

"मावशी, लिहून घेतलेलं काही नाही, दावा लावायची मुदतही टळून गेली. नोटिशीची फी जाईल वर, आणि पैसे काही येणार नाहीत," मी जरा वैतागूनच म्हणालो. तरी त्यांनी पिशवीतून फीचे पैसे काढून टेबलावर ठेवले.

मी कागद पुढं ओढला. "पैसे देणाऱ्याचं पूर्ण नाव?"

"गोजरबाई महिपती लेंडवे."

"आणि घेणाऱ्याचं?"

"युवराज महिपती लेंडवे."

माझं पेन थांबलं.



"पैसं न्हाय दिलं तरी चालंल, सायेब," त्या म्हणाल्या. "पर वकिलाच्या नोटिशीला उत्तर तर द्यावंच लागतंय की."